संशयाचं कारण लिहून द्या

“तुमचा जन्म कोणत्या हॉस्पिटलात झाला?” १२ जून २०२५ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या माँटेबेलो गावात, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणून ठेवतात अशा एका यार्डाबाहेर, सशस्त्र अंमलदारांनी एका तरुणाला हा प्रश्न विचारला. तरुण तिथलाच, जन्मानं अमेरिकन. मी नागरिक आहे, असं तो परत परत सांगत होता. तरी त्याला लोखंडी कुंपणावर दाबून धरलं गेलं. हॉस्पिटलचं नाव त्याला सांगता येईना. ओळखपत्र दाखवल्यावर शेवटी सुटका झाली, पण ते ओळखपत्र आणि फोन काढून घेतले होते. फोन थोड्या वेळानं परत मिळाला, ओळखपत्र मिळालं नाही. अमेरिकेचा कुठलाही कायदा नागरिकाला आपल्या जन्माचं हॉस्पिटल लक्षात ठेवायला सांगत नाही. त्या तरुणानं काहीही केलेलं नव्हतं. त्याचा चेहरा लॅटिनो होता आणि तो अशा जागी उभा होता जिथे लॅटिनो माणसं काम करतात.

अशा घटनांवरून दाखल झालेल्या दाव्यात फेडरल न्यायाधीश मामे एवुसी-मेन्सा फ्रिम्पाँग यांनी ११ जुलैला तात्पुरता मनाई हुकूम दिला. त्यात चार गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या: माणसाचा दिसणारा वंश, तो स्पॅनिश बोलतो किंवा त्याच्या इंग्रजीला वेगळा हेल आहे ही बाब, तो उभा आहे ती जागा, म्हणजे बसस्टॉप, गाड्या धुण्याचं ठिकाण, शेत किंवा आपल्याकडच्या कामगार नाक्यासारखा मजुरांचा अड्डा, आणि तो करतो ते काम. एवढ्याच भांडवलावर कुणालाही अडवता येणार नाही, असा तो हुकूम होता. अपील न्यायालयानं तो कायम ठेवला. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन अशा मतांनी त्याला स्थगिती दिली. बहुमतानं कारणही दिलं नाही. न्या. ब्रेट कॅव्हेनॉ यांनी स्वतंत्र टिपण लिहिलं: नुसता वंश पुरेसा नाही, पण इतर गोष्टींच्या जोडीला तो विचारात घेता येतो, शिवाय अशी चौकशी थोडक्यात आटोपते आणि जो कायदेशीर आहे तो लगेच सुटतो. न्या. सोनिया सोटोमायर यांनी दोन सहकाऱ्यांसह कडक शब्दांत विरोध नोंदवला.

न्या. कॅव्हेनॉ यांच्या युक्तिवादाला पन्नास वर्षांचा आधार आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. १९७५ मध्ये ब्रिग्नोनी-पोन्से खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला होता की सीमेजवळच्या रस्त्यावर गाडीतली तीन माणसं मेक्सिकन दिसतात, एवढ्यावरून गाडी अडवता येते का. न्यायालयानं नाही म्हटलं. तो निकाल हक्कांच्या बाजूचा म्हणून शिकवला जातो, आणि एका मर्यादेपर्यंत तो तसा आहेही. पण त्याच निकालात एक फट राहिली. मेक्सिकन दिसणं हे एकटं कारण चालणार नाही, मात्र अनेक कारणांतलं एक म्हणून चालेल. पुढच्याच वर्षी, कायमच्या तपासणी नाक्यांवर तर बहुतांशी चेहऱ्यावरून गाडी बाजूला घेतली तरी हरकत नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

दुसरं कारण शोधायला अंमलदाराला कधीच लांब जावं लागत नाही. गाडी जुनी आहे. गाडीत माणसं फार आहेत. चालकानं आमच्याकडे टक लावून पाहिलं. चालकानं आमच्याकडे पाहायचं टाळलं. १९९६ मध्ये व्हरेन खटल्यानं आणखी एक सोय करून दिली: वाहतुकीचा बारीकसा नियम मोडलेला असला की गाडी अडवण्यामागचा अंमलदाराचा खरा हेतू न्यायालय तपासणार नाही. सिग्नल न देता वळणारा, पट्टीवरून चाक नेणारा प्रत्येक जण मग अडवण्याजोगा होतो, आणि त्यातला कुणाला अडवायचं हे अंमलदाराच्या नजरेवर उरतं.

संशयाच्या हिशेबात वंशाला थोडी जरी जागा दिली तरी तो बाकीचा सगळा हिशेब गिळतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून कायद्यानं ती जागाच बंद करायला हवी. विशिष्ट गुन्ह्यातल्या विशिष्ट संशयिताचं वर्णन साक्षीदारानं दिलं असेल तर ते सोडून. अडवणाऱ्यानं प्रत्येक वेळी अडवण्याचं कारण लिहून ठेवायला हवं, आणि ज्याला अडवलं त्याला त्या कागदाच्या बळावर कोर्टात जाता यायला हवं. यातलं काहीही सदिच्छेच्या परिपत्रकांनी होत नाही. अमेरिकेनं पाव शतक ते करून पाहिलं आहे.

२००१ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी काँग्रेसपुढच्या भाषणात वांशिक प्रोफायलिंग चूक असल्याचं सांगून ते संपवण्याचं वचन दिलं. त्याच वर्षी जॉन कॉनयर्स आणि रस फाइनगोल्ड यांनी ते संपवणारं विधेयक मांडलं. त्यात बंदी होती, आकडेवारी गोळा करण्याचं बंधन होतं, आणि नागरिकाला दावा लावण्याचा हक्क होता. दोन्ही पक्षांना ते पटेल असं वातावरण होतं. मग ११ सप्टेंबर उजाडला. पुढच्या वर्षी, ज्या धोरणाला संपवायचं होतं तेच सरकारी योजना होऊन आलं: २५ देशांतल्या, उत्तर कोरिया वगळता सगळ्या मुस्लिमबहुल देशांतल्या, सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी इमिग्रेशन कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, फोटो काढून घ्यायचे, जबाब द्यायचे. अमेरिकेत राहणारे ८० हजारांहून अधिक पुरुष स्वतःच्या पायांनी जाऊन रांगेत उभे राहिले. नियम पाळायला गेलेल्या १३ हजारांवर जणांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. दहशतवादाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला एकही माणूस त्यातून निघाला नाही. २०११ मध्ये योजना थांबवली आणि २०१६ च्या डिसेंबरात नियमावलीतूनही काढून टाकली.

दरम्यान विधेयक जवळजवळ प्रत्येक काँग्रेसमध्ये मांडलं गेलं आणि पडून राहिलं. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर पोलीस सुधारणांच्या मोठ्या विधेयकात त्याचा समावेश झाला. प्रतिनिधिगृहानं ते २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये संमत केलं, पण सेनेटमध्ये दोन्ही वेळा अडकलं. कायद्याच्या जागी राहिल्या त्या न्याय खात्याच्या मार्गदर्शक सूचना. पहिल्या २००३ मध्ये आल्या, मग २०१४ आणि २०२३ मध्ये त्या रुंदावल्या. त्यातल्या पहिल्या दोन वाचल्या की एक गोष्ट डोळ्यात भरते. वंश पाहून वागू नका, असं सगळ्यांना सांगून झाल्यावर सीमेवरच्या तपासणीला सूट दिलेली आहे. जिथे ही सवय सर्वांत खोल रुजलेली, नेमकी तीच जागा मोकळी सोडली. शिवाय सूचना मोडली म्हणून नागरिकाला दावा लावता येत नाही, आणि सरकार बदललं की सूचनाही बदलते.

राज्यांनी काय केलं, हे पाहायला ॲरिझोनाइतकं बोलकं उदाहरण नाही. २३ एप्रिल २०१० रोजी गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी एसबी १०७० या कायद्यावर सही केली. कुठल्याही कारणानं थांबवलेला माणूस देशात बेकायदा राहतो असा वाजवी संशय आला तर पोलिसानं त्याची इमिग्रेशन स्थिती तपासायची, असं त्यात होतं. मूळ मसुद्यात म्हटलं होतं की वंश हा एकमेव आधार धरता येणार नाही. गदारोळ झाल्यावर आठवड्याभरात दुरुस्ती झाली आणि वंशाचा विचारच करता येणार नाही, असा बदल झाला. सगळीकडे तो मोठा विजय म्हणून सांगितला गेला. पण वाक्य तिथे संपत नव्हतं: राज्यघटना जेवढी परवानगी देते तेवढं वगळून. आणि घटनेनं किती परवानगी दिली आहे, हे १९७५ च्या निकालात लिहिलेलंच होतं. मनाई एका हातानं दिली आणि दुसऱ्या हातानं परत घेतली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याची तीन कलमं रद्द केली, पण कागदपत्रं तपासण्याचं कलम तूर्त राहू दिलं.

त्याच राज्यातल्या मॅरिकोपा काउंटीत शेरीफ जो अर्पायो यांचं राज्य होतं. २००७ मध्ये तिथल्या केव्ह क्रीक गावाजवळ वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल एक ट्रक अडवला गेला. चालक गोरा होता, त्याला सोडून दिलं. आत बसलेल्या मेक्सिकन प्रवाशांना मात्र काही तास ताब्यात ठेवलं, आणि त्यांच्यातल्या एकाकडे वैध टुरिस्ट व्हिसा होता. वेगाचा गुन्हा चालकाचा, चौकशी प्रवाशांची. त्यातून उभ्या राहिलेल्या दाव्यात न्या. मरे स्नो यांनी २४ मे २०१३ रोजी शेरीफ कार्यालयाला लॅटिनो लोकांविरुद्ध भेदभाव केल्याबद्दल दोषी ठरवलं. नंतरच्या हुकमात त्यांनी नुसती मनाई केली नाही. प्रत्येक थांबवणुकीची नोंद, चित्रीकरण, प्रशिक्षण आणि या सगळ्यावर कोर्टाचा निरीक्षक. एका फटक्यात सगळं सुधारलं नाही. पुढच्या वार्षिक अहवालांतही लॅटिनो आणि गोऱ्या चालकांना मिळणाऱ्या वागणुकीत तफावत दिसत राहिली. पण ती दिसली, कारण आता नोंद होती. आधीची सगळी वर्षं तफावत होती आणि आकडा नव्हता, म्हणून शेरीफ छातीठोकपणे नाही म्हणू शकत होते. त्याच दाव्यातला आधीचा मनाई हुकूम झुगारल्याबद्दल २०१७ मध्ये अर्पायो फौजदारी अवमानाचे दोषी ठरले आणि महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. कोर्टाचा हुकूम एका माफीनं असा पोकळ करता येतो. संसदेनं केलेला कायदा, ज्यात हजारो सामान्य माणसांना दावा लावता येतो, तो असा पोकळ करणं अवघड असतं.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा. पोलीस म्हणतात, आम्ही द्वेषानं बघत नाही, अनुभवानं बघतो. बेकायदा राहणारे बहुसंख्य लोक विशिष्ट देशांतले असतील तर तिकडे पाहू नका म्हणणं म्हणजे डोळे मिटून काम करा म्हणणं. मला हा मुद्दा हलक्यानं घ्यायचा नाही, कारण सामान्य माणसाला तो पटतो. पण तो आकड्यांपुढे टिकत नाही. लॉस एंजेलिस शहरात जवळपास निम्मी वस्ती लॅटिनो आहे आणि तिच्यातले बहुतेक लोक एकतर नागरिक आहेत किंवा कायदेशीरपणे राहतात. निम्म्या शहराला लागू पडणारं लक्षण गुन्हेगार वेगळा काढायला कामाचं नाही. त्यानं संशयित सापडत नाहीत, फक्त संशयितांची गर्दी होते.

याचा प्रयोगही झालेला आहे. २००० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेनं विमानतळांवरच्या कस्टम्सच्या झडत्या तपासल्या. अमेरिकन नागरिक असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना झडतीनंतर एक्स-रे काढायला लावण्याचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या नऊ पट होतं. बेकायदा माल सापडण्याचं प्रमाण मात्र निम्म्याहूनही कमी. म्हणजे कस्टम्सचा अनुभव चुकीच्या दिशेला बोट दाखवत होता, आणि मोजेपर्यंत ते कुणाला कळलं नव्हतं. त्या वेळचे कस्टम्स आयुक्त रेमंड केली यांनी संशयाची जुनी लांबलचक यादी छाटली, वागणुकीशी संबंधित मोजके निकष ठेवले, आणि झडतीआधी वरिष्ठाची परवानगी बंधनकारक केली. झडत्या झपाट्यानं घटल्या, आणि माल सापडण्याचं प्रमाण वाढलं.

हेच केली पुढे न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त झाले. तिथे असे निकष नव्हते, उलट जास्तीत जास्त लोकांना थांबवण्याचा दबाव होता. २०११ या एका वर्षात शहरात सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना रस्त्यात थांबवलं गेलं. २०१३ मध्ये न्या. शिरा शाइंडलिन यांनी या पद्धतीला घटनाबाह्य ठरवताना नोंदवलं की साडेआठ वर्षांतल्या ४४ लाख थांबवणुकांपैकी ८८ टक्क्यांमध्ये पुढे काहीही निष्पन्न झालं नाही, आणि थांबवलेल्यांत ८० टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होते. निकालानंतर शहर गुन्हेगारीत बुडेल, असं सांगितलं जात होतं. २०१७ मध्ये थांबवणुका १२ हजारांच्या आत आल्या, आणि खुनांची संख्या २०११ च्या ५१५ वरून २९२ वर उतरली. थांबवणुका घटल्या म्हणून खून घटले, असा दावा मी करत नाही. त्या नसल्या तर खून वाढतील, हा दावा खोटा ठरला, एवढं पुरे. आणि केली यांच्याकडे पाहिलं की आणखी एक गोष्ट पटते. माणूस तोच, बुद्धीही तीच. एका नोकरीत मोजके निकष आणि आधी परवानगी घेण्याचा नियम होता, दुसरीत नव्हता.

आणि न्या. कॅव्हेनॉ म्हणतात त्या, थोडक्यात आटोपणाऱ्या चौकशीचं काय? ६ फेब्रुवारी २०१५, अलाबामा राज्यातलं मॅडिसन. गुजरातहून नुकतेच आलेले सत्तावन्न वर्षांचे एक गृहस्थ सकाळी मुलाच्या घराजवळच्या फुटपाथवर फेऱ्या मारत होते. नातवाला सांभाळायला सुनेला मदत म्हणून आले होते. कुणी शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला की एक अनोळखी, सडपातळ, काळा माणूस घरांच्या आसपास फिरतोय. पोलीस आले. त्यांनी विचारलेलं गृहस्थांना कळेना. इंग्रजी येत नाही, इंडिया, एवढं ते सांगत राहिले, आणि मुलाच्या घराकडे बोट दाखवत राहिले. पोलिसाच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात पुढचं सगळं आहे: हात मागे धरलेले, आणि मग त्यांना तोंडावर जमिनीवर आपटलं. मानेच्या मणक्याला इजा, शस्त्रक्रिया, काही अंशी पक्षाघात. पोलिसावर फेडरल खटला झाला, दोन वेळा ज्युरीचं एकमत होईना, शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. पुण्या-नाशिकचे किती आईबाप दरवर्षी न्यू जर्सीला, टेक्ससला सहा महिने जातात आणि सकाळी असेच फिरायला बाहेर पडतात. अठरा वर्षांवरच्या परकीयानं नोंदणीचे कागद सतत जवळ ठेवावेत, असा कायदा तिथे जुना आहे, आणि २०२५ पासून त्याची सक्ती होऊ लागली आहे. आपली मुलं त्यांना पासपोर्टची प्रत खिशात ठेवायला सांगतात. त्या मुलांना हा विषय लॅटिनोंचा वाटत असेल तर त्यांनी जरा मागचा इतिहास पाहावा. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानं मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांना गोरे मानून नागरिकत्व कायम केलं, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांना गोरे नाहीत म्हणून ते नाकारलं. त्यानंतर कित्येक भारतीयांचं आधी मिळालेलं नागरिकत्वही काढून घेण्यात आलं.

परदेशातल्या आपल्या माणसांसाठी जे मागायचं ते इथे नाकारून चालणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरून संशय घेण्याची रीत आपल्या पोलिसांना लावली. तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालाकडे वळते, हे महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आणि लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ वाचलेल्या पिढीला तरी ते ठाऊक आहे. आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात कामाला असलेल्या, पश्चिम बंगालमधल्या काही बंगालीभाषक मुस्लिम मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललं गेलं. बंगाल सरकारनं कागद दाखवल्यावर त्यांना परत आणावं लागलं. भाषा, धर्म, कामाची जागा. लॉस एंजेलिसच्या हुकमातली यादी इथे जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. आपल्याकडे तर आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचं ओझं कायद्यानंच त्या माणसावर टाकलं आहे, १९४६ च्या कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही. १९९६ मध्ये डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयानं अटकेचा मेमो लिहिणं, त्यावर साक्षीदाराची सही घेणं सक्तीचं केलं. पण नुसत्या अडवणुकीला, रात्रभर चौकीत बसवून ठेवण्याला तो मेमो लागत नाही, आणि जे घडतं ते बहुतेक तिथेच घडतं.

कागदपत्रांच्या ओझ्यानं पोलीस हतबल होतील, ही शेवटची तक्रार असते. कॅलिफोर्नियानं २०१५ मध्ये केलेल्या कायद्यात वंशाचा कोणत्याही प्रमाणात विचार करायला मनाई आहे, संशयिताचं विशिष्ट वर्णन सोडून. राज्यातल्या पोलिसांनी प्रत्येक थांबवणुकीची नोंद करायची: कुणाला थांबवलं, का, झडती घेतली का, काय सापडलं. मोठ्या पोलीस दलांपासून २०१८ मध्ये सुरुवात झाली, आता लहान दलंही त्यात आहेत. वर्षाला चाळीस लाखांहून अधिक नोंदी होतात आणि जाहीर होतात, आणि तिथल्या पोलिसांचं काम बंद पडलेलं नाही. राज्याचा हा कायदा फेडरल अंमलदारांना लागू होत नाही. इमिग्रेशनच्या सुनावणीत बेकायदा अटकेतून मिळालेला पुरावा सहसा बाद होत नाही, हे १९८४ मध्येच ठरलेलं आहे. शिवाय १९८३ च्या एका निकालामुळे, पुन्हा आपल्यालाच अडवलं जाईल हे दाखवता आलं नाही तर मनाई हुकूम मागता येत नाही, आणि न्या. कॅव्हेनॉ यांनी त्याच निकालाचा आधार घेतला. यातलं पुराव्याचं दार उघडणं तरी काँग्रेसच्या हातात आहे. तोवर माँटेबेलोच्या रस्त्यावर स्थानिक पोलिसानं कुणाला थांबवलं तर त्याला कारण लिहावं लागतं, आणि त्याच रस्त्यावर त्याच माणसाला फेडरल अंमलदारानं थांबवून सोडून दिलं तर का थांबवलं होतं, हे लिहून ठेवायला आणि जाहीर करायला त्याला भाग पाडणारा काँग्रेसचा कायदा नाही.